पंचावन्न इंच, आजी आणि सेकंड शिफ्ट

पत्राचा गोषवारा: नाशिकहून एका 26 वर्षांच्या वाचकाने लिहिलंय. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. घर वन बीएचके. आई-बाबा बेडरूममध्ये, हा, इंजिनीअरिंगला असलेला धाकटा भाऊ आणि आजी हॉलमध्ये झोपतात. बोनसच्या पैशांतून त्याने पीएस 5 (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) घेतला, पण घरचा टीव्ही नऊ वर्षांपूर्वीचा 32 इंची, एचडी रेडी. त्यावर खेळताना हात बसत नाही आणि अक्षरं नीट दिसत नाहीत, ही तक्रार. टॅक्स उतरल्यापासून 55 इंची फोरके टीव्ही 33 हजारांत दिसतोय, तोही नो कॉस्ट ईएमआयवर. तो हॉलमध्ये लावायचा आणि जुना बेडरूममध्ये आई-आजीच्या मालिकांसाठी द्यायचा, असा बेत आहे. बाबा म्हणतात, ‘आहे तो चालतोय ना?’ कंपनीतला एक मित्र म्हणतो, 120 हर्ट्झचा (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा) नसेल तर घेऊच नकोस, सत्तर हजार मोड. दुसरा म्हणतो थांब, किमती रोज पडताहेत. ‘ताई, घेऊ का थांबू? आज घेतला आणि सहा महिन्यांत आणखी स्वस्त झाला तर लोक मला येड्यात काढतील.’

तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तू जाता जाता कंसात टाकली आहेस: ‘(सेकंड शिफ्ट करून साडेबाराला येतो, आवाज बंद करून तासभर खेळतो, पण आजीची झोप सावध आहे, उजेडाने तिला जाग येते.)’ त्या ओळीकडे मी येणारच आहे. पण तू विचारलेला प्रश्न किमतीचा आहे, तेव्हा आधी किंमत.

टॅक्स दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे टीव्ही दहा टक्के स्वस्त, असं तू धरून चाललायस. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे बरोबर. 32 इंच आणि त्याहून लहान टीव्हीवर तो आधीपासूनच 18 होता. पण मूळ किंमत 30,000 धरलीस तर पूर्वी टॅक्ससकट 38,400 पडायचे, आता 35,400. तीन हजार वाचले, म्हणजे जुन्या किमतीच्या आठ टक्क्यांहूनही जरा कमी. तीन हजारांना कोण नाही म्हणतं, पण तेवढ्यासाठी 33 हजारांचा निर्णय घाईने घेऊ नये.

टीव्ही खरे स्वस्त झाले ते टॅक्समुळे नाहीतच. टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा पॅनेलचा असतो आणि आपल्याकडे ‘भारतात बनलेल्या’ टीव्हीचंही पॅनेल बहुतेक बाहेरूनच येतं. 2017 च्या अखेरीस चीनमधल्या हफेई शहरात बीओई कंपनीने 10.5 पिढीचा म्हणतात तो कारखाना सुरू केला. तिथे काचेचा एक पत्रा 2,940 बाय 3,370 मिलिमीटरचा असतो. त्यातून 65 इंची पॅनेल एका वेळी आठ निघतात. मग चीनमधल्याच बाकीच्या कंपन्यांनीही तसेच कारखाने काढले आणि मोठ्या काचेचा भाव असा पडला की सॅमसंगने 2022 मध्ये एलसीडी पॅनेल बनवणंच सोडून दिलं. एलजीचा चीनमधल्या ग्वांगचौचा कारखाना टीसीएल या चिनी कंपनीच्याच हातात गेला.

म्हणजे स्वस्त झाले ते इंच. आणि त्या इंचांवरचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. गेम खेळणाऱ्याला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे चित्रावर पटकन प्रक्रिया करणारी चिप, वेगवान पॅनेल, कन्सोलची वायर जिथे लागते ते एचडीएमआय 2.1 चं पोर्ट, बरा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा), या त्या प्रमाणात स्वस्त झालेल्या नाहीत. उलट 33 हजारांत 55 इंच बसवायचे तर कात्री इथेच लागते. दुकानातल्या पाटीवर इंच आणि ‘फोरके’ ठळक अक्षरांत असतात. बटण दाबल्यावर चित्र किती उशिरा हलतं, हे कुठल्याच पाटीवर नसतं.

तो उशीर म्हणजे इनपुट लॅग. टीव्ही आलेलं चित्र तसंच दाखवत नाही. त्याचा गोंगाट काढतो, कडा धारदार करतो, हालचाल गुळगुळीत करायला मधली चित्रं स्वतःच रचतो. मालिका बघताना या सगळ्याला दहावा हिस्सा सेकंद लागला तरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे सरकवलेला असतो. गेममध्ये लागतो. सेकंदाला 60 फ्रेमच्या, म्हणजे 60 चित्रांच्या, गेममध्ये एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची, 100 मिलिसेकंदांचा लॅग म्हणजे तू टॅकल दाबलास आणि पडद्यावरचा डिफेंडर सहा फ्रेम उशिरा घसरला. तोवर भावाने बॉल पुढे काढलेला असतो. आणि तू म्हणतोस, ‘माझा हातच बसत नाहीये’.

याला औषध म्हणजे गेम मोड. तो लावला की टीव्ही ही सगळी रंगरंगोटी बाजूला ठेवतो आणि बऱ्या टीव्हीत लॅग दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येतो. एएलएलएम नावाची सोय असेल तर कन्सोल सुरू होताच टीव्ही आपण होऊन या मोडमध्ये जातो. पण गेम मोड नावालाच असलेले टीव्हीही बाजारात आहेत. नाव गेम मोड, फरक फक्त रंगांचा.

घरी एक करून बघ. फोनचा स्लो मोशन कॅमेरा 240 फ्रेमवर लाव. कंट्रोलर टीव्हीसमोर असा धर की अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील. गेममध्ये उडीचं बटण दाब आणि मग व्हिडिओ सावकाश पुढे नेत मोज: अंगठा दाबल्यापासून माणूस हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या. एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदांची. यात कन्सोलचा आणि गेमचा स्वतःचा उशीरही येतो, म्हणून गेम मोड बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा मोज. मधला फरक टीव्हीचा. तुझ्या 32 इंचीच्या पिक्चर सेटिंगमध्येही ‘गेम’ असं काही आहे का ते पाहा. काही जुन्या टीव्हींत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव बदलून ‘पीसी’ केलं की प्रक्रिया बरीच कमी होते. नऊ वर्षांत कुणी तिकडे फिरकलंच नसेल. कदाचित तुझ्या तक्रारीतली निम्मी इथेच संपेल, फुकटात.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे. एचडी रेडी म्हणजे बहुधा 1366 बाय 768, म्हणजे साडेदहा लाख पिक्सेल. फोरकेचे 83 लाख. तुझा कन्सोल जे चित्र देऊ शकतो त्याचा आठवा हिस्सा तुला दिसतोय. सगळ्यात आधी मार खातात अक्षरं: सबटायटल, नकाशावरची नावं, सामानाच्या यादीतले आकडे. याचा त्रास होणारा तू पहिला नाहीस. 2006 मध्ये एक्सबॉक्स 360 वर ‘डेड रायझिंग’ आला तेव्हा घरोघरी जुने ट्यूबचे टीव्ही होते आणि त्यातली बारीक अक्षरं कुणाला वाचताच येईनात. बनवणाऱ्यांनी ती एचडीसाठी आखली होती, लोकांकडे एचडी होतं कुठे? कन्सोल पुढे आणि पडदा मागे, ही रड जुनीच आहे. तेव्हा ‘आहे तो चालतोय ना’ हे बाबांचं म्हणणं मालिकांपुरतं बरोबर, तुझ्यापुरतं नाही.

पण फोरकेच्या 83 लाखांवरही फार जीव टाकू नकोस. पीएस 5 वरचे बरेच गेम 60 फ्रेमच्या परफॉर्मन्स मोडमध्ये आतून त्याहून कमी पिक्सेल रंगवतात आणि मग चित्र ताणून फोरकेला बसवतात. शिवाय डोळ्याची मर्यादा आहे. 55 इंची पडद्यापासून सात-साडेसात फुटांपलीकडे बसलास तर सामान्य नजरेला फुल एचडी आणि फोरके यांतला फरक जवळजवळ कळत नाही. तू लिहिलंयस की सोफा टीव्हीपासून साडेआठ फुटांवर आहे, पण खेळताना तू खाली सतरंजीवर पुढे सरकून चार फुटांवर बसतोस. चार फुटांवरून 55 इंच बघायला मान दोन्हीकडे वळवावी लागेल. फुटबॉलमध्ये कोपऱ्यातला छोटा नकाशा बघेपर्यंत गोल झालेला असेल. म्हणजे 55 इंच सोफ्यावरच्या माणसांना योग्य आहे. सतरंजीवरच्याला नाही.

120 हर्ट्झवाल्या मित्राबद्दल थोडक्यात. तो खोटं बोलत नाहीये, पण तो त्याच्या गेमचं सांगतोय. नेमबाजीचे ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला 120 चा फायदा हाताला जाणवतो. तू फुटबॉल आणि गोष्टीवाले गेम खेळतोस. ते बहुतेक 30 किंवा 60 फ्रेमवर चालतात. तुला 60 चा चांगला पडदा पुरतो. जे कुणी 120 साठी जादा पैसे मोजणार आहेत त्यांनी एवढं बघावं: ‘मोशन रेट 120’ म्हणजे 120 हर्ट्झ नव्हे, आणि काही स्वस्त टीव्हींत पॅनेल 60 चंच असतं, उभ्या दिशेचे पिक्सेल निम्मे करून ते 120 दाखवतं. फोरकेला 120 हवे असतील तर एचडीएमआय 2.1 हवं, 2.0 वर फोरके 60 लाच थांबतं. आणि चार पोर्टांपैकी 2.1 ची दोनच असतील, त्यातलं एक साउंडबारचं असेल, तर कन्सोलला उरलं एक.

आता आजी.

तुझ्या सगळ्या बेतात एक गोष्ट तू न विचारताच ठरवून टाकली आहेस: हॉलचा टीव्ही तुझ्यासाठी, आणि जुना टीव्ही आई-आजीसाठी आत. संध्याकाळी सात ते दहा हॉल त्यांचा आहे, हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नसेल, पण तसंच आहे. बेडरूममध्ये खाटेच्या कडेवर बसून मालिका बघणं आणि हॉलमध्ये आपल्या ठरलेल्या जागी बसून बघणं सारखं नाही. शेजारच्या काकू मालिकेला येत असतील तर त्या तुमच्या बेडरूममध्ये येऊन बसणार नाहीत. आईचं भाजी निवडणं, बाबांच्या मधेमधे बातम्या, हे सगळं त्या भिंतीसमोरच चालतं. स्वस्त टीव्हीच्या नावाखाली तू घरातली जागा बदलतोयस, आणि बाबांच्या ‘आहे तो चालतोय ना’ मध्ये मला तेच ऐकू येतं. बोलताना मात्र ते टीव्हीबद्दल बोलतात.

आणि एवढं करून तुला मिळणार काय? तुझा खेळायचा वेळ सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रात्री साडेबारा ते दीड. तेव्हा आजी त्याच खोलीत झोपलेली. 32 इंचांच्या उजेडाने तिला जाग येते, तर 55 इंची पडदा पेटवलास की अख्खा हॉल उजळेल. पहिल्या आठवड्यात आजी काही म्हणणार नाही. दुसऱ्या आठवड्यात आई म्हणेल. म्हणजे ईएमआय वर्षभर भरायचा आणि खेळायचं रविवारी दुपारी, तेही क्रिकेटची मॅच नसेल तर.

म्हणून मी म्हणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरचा टीव्ही आणि तुझा पडदा. तू दोन्ही एकाच पावतीवर आणायला निघालायस.

तुझ्या पडद्याचं आधी बघू. आज रात्रीच करता येण्यासारखं: सोनीचं रिमोट प्ले ॲप फोनवर किंवा भावाच्या लॅपटॉपवर टाक. टीव्ही बंद, कन्सोल चालू, चित्र फोनवर, कंट्रोलर फोनला जोडलेला. कन्सोल वायरने राउटरला जोडलास तर चित्र कमी अडकतं. फुटबॉलला हे जमणार नाही, उशीर जाणवतो. गोष्टीवाल्या गेमला चालून जातं. पैसे शून्य.

ते अपुरं वाटलं तर माझा कल सरळ मॉनिटरकडे आहे. 27 इंची, 1440 पी (फुल एचडी आणि फोरके यांच्या मधलं), साधारण पंधरा ते वीस हजारांत. हॉलच्या कोपऱ्यात भावाचं अभ्यासाचं टेबल आहे म्हणालास. तिथे ठेव, मॉनिटरची पाठ आजीच्या खाटेकडे करून. तीन फुटांवरून 27 इंच डोळ्यांत पुरेसे भरतात, अक्षरं स्वच्छ दिसतात, आणि मॉनिटर मुळातच चित्राची रंगरंगोटी करत बसत नसल्याने लॅग कमी असतो. पीएस 5 ला 1440 पी ची सोय 2022 मध्ये मिळाली, त्यामुळे आता काही जुगाड लागत नाही. आवाजासाठी हेडफोन कंट्रोलरलाच लागतो, खालच्या बाजूला साधं 3.5 मिलिमीटरचं भोक आहे. दिवसा भाऊ त्यावर प्रोजेक्ट करेल, म्हणजे टेबलाचा मालकही खूश.

उणिवा सांगायला हव्यात. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतात किंवा असून नसल्यासारखे असतात. या किमतीत एचडीआर (उजेड आणि अंधार जास्त खरा दाखवण्याची सोय) फक्त खोक्यावर असतं (या भावातल्या टीव्हीतही तेच, तेव्हा त्यासाठी हळहळू नकोस). दोघांनी खेळायला पडदा अपुरा पडतो. रविवारची भावाबरोबरची मॅच हॉलच्या टीव्हीवरच लावावी लागेल. आणि घेण्याआधी एक नक्की विचार: लिहिलेला रिफ्रेश रेट (तेच ते हर्ट्झ) एचडीएमआयवर मिळतो की फक्त डिस्प्लेपोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरसाठीच्या दुसऱ्या पोर्टवर? कन्सोलला डिस्प्लेपोर्ट नाही. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये एचडीएमआयसमोर काय लिहिलंय ते वाच.

घरच्या टीव्हीचं म्हणशील तर तो बदलायला हरकत नाही, कारण साडेआठ फुटांवरून 32 इंच आजीच्या डोळ्यांना नक्कीच लहान पडतात. पण तो प्रश्न घरात विचार, दुकानात नव्हे. बाबांना ‘मला गेमसाठी टीव्ही हवाय’ म्हणालास तर उत्तर तुला ठाऊक आहे. ‘आजीला खालच्या पट्टीतलं वाचता येतं का?’ असं विचारून बघ. त्यांचा वाटा असेल तर टीव्ही त्यांचाही होईल, आणि मग रविवारी दोन तास तुम्ही दोघं भाऊ त्यावर खेळलात तर कुणाचं काही बिनसणार नाही. माझं मत विचारशील तर अशा वेळी अनोळखी ब्रँडच्या 55 पेक्षा सर्व्हिस सेंटर नाशिकमध्ये असलेल्या ब्रँडचा 43 किंवा 50 घ्यावा. ज्यांना हॉल आपला आणि रात्रही आपली आहे, लग्न झालेली जोडपी किंवा भाड्याने राहणारी मित्रमंडळी, त्यांनी खुशाल 55 घ्यावा. सोफा सहा-साडेसात फुटांवर असेल तर त्याची मजा वेगळीच आहे.

थांबावं का? किंमत पडतच राहील हा हिशेब धोक्याचा आहे. 2025 च्या शेवटी मेमरी चिपचे भाव चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी त्या उचलायला सुरुवात केली. स्मार्ट टीव्हीतही मेमरी लागते, आणि पॅनेलचं बिल डॉलरमध्ये येतं. तेव्हा सहा महिन्यांनी स्वस्त होईल की महाग, हे तुझा मित्रही सांगू शकत नाही आणि मीही नाही. गरज ठरली असेल आणि पैसे हातात असतील तर घ्यावं. दोन्हीपैकी एक नसेल तर किंमत कितीही पडो, घेऊ नये. घेतल्यानंतर त्या मॉडेलचा भाव परत कधीही शोधू नकोस.

नो कॉस्ट ईएमआयची पावती नीट वाच. व्याज असतंच, तेवढी सूट आधी दिलेली असते. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्याकडून जाते, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बऱ्याचदा तुला मिळत नाही. शिवाय नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. 33 हजारांतून मॉनिटर वजा केलास तर दोन-तीन गेमचे पैसे उरतात, आणि कन्सोल घेऊन तेच ते गेम घोळवत बसलेल्या माणसाला ते जास्त उपयोगी.

दुकानात गेलास, टीव्हीसाठी असो की मॉनिटरसाठी, तर तिथला डेमो बघून भुलू नकोस. तो दुकानाच्या भडक मोडवर, कंपनीने निवडलेल्या समुद्राच्या आणि फळांच्या व्हिडिओवर चाललेला असतो. रिमोट मागून घे, गेम मोड लाव, तोच मेनू वर-खाली फिरवून बघ. कन्सोल पिशवीत घालून घेऊन गेलास तर आणखी बरं. गर्दी नसलेल्या दुपारी बरेच दुकानदार जोडू देतात. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआयचा पूर्ण वेग चालू कर. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’. पुष्कळ टीव्हींत ते बंद असतं आणि लोक वर्षानुवर्षं अर्ध्या वेगावर खेळतात. त्याच दिवशी पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून मेलेले पिक्सेल आहेत का ते बघ, आणि बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल टाकू नकोस, आईने कितीही अडगळ म्हटलं तरी.